दोन्ही आयओरीमॅपच, पण 'नाही' म्हणायची पद्धत वेगळी

बेळगावच्या खडेबाजारात काही मागितलं की एक दुकानदार नुसतं "इल्ला" (कन्नडमध्ये 'नाही') म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतोय, दुसरा सांगतोय माल संपलाय, सोमवारी या. लिनक्स कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, डेव्हएम_आयओरीमॅप आणि डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स ही फंक्शनची जोडी तसलीच हाय बघा. नावं सारखी, काम पण तेच, डिव्हाइसची रजिस्टर (त्याच्याशी बोलायच्या जागा) कोडला वाचता-लिहिता येतील अशी मॅप करून द्यायचं, आणि ड्रायव्हर (ते डिव्हाइस चालवणारा कोड) निघाला की दोन्ही मॅपिंग आपोआप सुटतात म्हणजे त्याच्यासाठी फंक्शनच्या खाली गोटोनं उडी मारून साफसफाई करायचं शेपूट नको.

पहिलं फेल झालं की नल, म्हणजे कुठंच न दाखवणारा पॉइंटर (पत्ता), देतंय, बास. दुसरं फेल झालं तरी नल देत नाही, एरर कोडच पॉइंटरच्या वेषात पाठवतंय. अ‍ॅड्रेसच्या अगदी वरच्या टोकाचे 4095 आकडे त्यासाठी राखून ठेवलेत, त्यामुळं उणे 12 म्हणजे मेमरी नाही, उणे 16 म्हणजे जागा बिझी, असं कारण पण कळतंय. नल म्हणजे शून्य, ते त्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून इझ_एररला (पॉइंटर त्या पट्ट्यात हाय का ते बघणाऱ्या चेकला) नल दाखवलं तर त्याला त्यात काही चूक दिसतच नाही.

आता घोळ कुठं होतोय सांगतो. दुसरं फंक्शन मॅप करायच्या आधी ती जागा आपल्या नावावर रिझर्व्ह करतंय, पहिलं करत नाही. दोन ड्रायव्हर एकच रजिस्टर ब्लॉक वापरत असले की नंतर आलेल्याला उणे 16 मिळतंय, मग माणूस वैतागून दुसऱ्याच्या जागी पहिल्या फंक्शनचं नाव तेवढं टाकतोय आणि खालचा इझ_एरर तसाच राहतोय. माझ्याकडून झालंय हे, टिळकवाडीतल्या खोलीत रात्री अकराला, बोर्ड बूट झाला म्हणून खूश होऊन झोपलो पण! मॅपिंग सहसा फेल होतच नाही की, मग टेस्टमध्ये दिसणार कसं. ज्या दिवशी होईल त्या दिवशी नल पॉइंटरवर रीड आणि सरळ ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅश रिपोर्ट.

उलटी चूक पण तितकीच वाईट, एरर पॉइंटर आलाय आणि आपण नल हाय का तेवढंच बघतोय.

पण सगळ्यात डेंजर म्हणजे "सेफ्टीसाठी" इझ_एरर_ऑर_नल (एरर किंवा नल, दोन्ही पकडणारा चेक) लावून खाली रिटर्न पीटीआर_एरर (पॉइंटरमधला एरर कोड काढून देणारं) लिहिणारे. नल आलं तर पीटीआर_एरर शून्य देतंय, आणि प्रोबमधून (ड्रायव्हरचं डिव्हाइस सुरू करणारं फंक्शन) शून्य म्हणजे काम झालं! कर्नल समजतंय डिव्हाइस लागलं, लॉगमध्ये एक ओळ नाही, आणि तुम्ही दोन दिवस वायरिंग तपासत बसता. ऊप्स परवडला, निदान ओरडतोय तरी.

तर पहिल्याला साधा नल चेक आणि रिटर्न उणे ईनोमेम (तेच उणे 12), दुसऱ्याला इझ_एरर आणि पीटीआर_एरर. दुसरं स्वतःच लॉगमध्ये मेसेज टाकतंय, म्हणून तिथला आपला डेव्ह_एरर (लॉगमध्ये एरर छापणारी ओळ) खुशाल काढा. जुना कोड साफ करायला घेतलाय तर एकदा स्मॅच (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) फिरवा, पीटीआर_एररला शून्य जातंय अशी वॉर्निंग ते देतंय, माझी तशी दोन ठिकाणं निघाली.