हाईडमध्ये आधी खिडकीची फट ठरवा

पक्षी बघायला लाकडी हाईड, म्हणजे लपून बसायची छोटी खोली, बांधतात ना, त्यात रॅम्प केला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण व्हीलचेअरवरचा माणूस आत पोचूनही त्याला काही दिसत नसेल तर त्या रॅम्पचा उपयोग काय! उभ्या माणसाचे डोळे साधारण दीड मीटरवर असतात आणि व्हीलचेअरवर बसलेल्याचे १.१ ते १.२ मीटरवर, त्यामुळे उभ्याच्या हिशोबाने भिंतीत बाहेर बघायची फट ठेवली की बसलेल्याला वरचं आभाळ तेवढं दिसतं, काठावरच्या चिखलात टिपत फिरणारा पक्षी नाही.

आणि नुसती उंची बरोबर असून भागत नाही. समजा फट २० सेंटीमीटरची आहे. डोळा तिच्यापासून २० सेंटीमीटरवर असेल तर वरखाली जवळपास ५३ अंशांचं दृश्य मिळतं, तोच डोळा ७० सेंटीमीटरवर गेला की फक्त १६ अंश उरतात. व्हीलचेअरचं नेमकं हेच होतं, पाय ठेवायची पट्टी भिंतीला आपटते आणि माणूस मागेच अडकतो. म्हणून कोपर टेकायच्या फळीखालची भिंतच बाहेर सरकवायची, खाली ७० सेंटीमीटर तरी मोकळी उंची ठेवायची, म्हणजे गुडघे आणि पाय आत जातात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता जमिनीचं बघू. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरते, म्हणून तळ जमिनीपासून उचलावा लागतो, पण १:१२ उताराने ६० सेंटीमीटर चढायला ७.२ मीटर रॅम्प लागतो आणि १:२० चा आरामशीर उतार हवा तर १२ मीटर. त्यापेक्षा येणारी वाटच मातीचा भराव घालून हळूहळू वर आणलेली बरी, फक्त भराव लाकडाला टेकू द्यायचा नाही. फळ्या चालायच्या दिशेला आडव्या बसवा, नाहीतर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं फळ्यांमधल्या फटीत अडकतात, आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा कारण लाकूड फुगतं-आकसतं, खिळे सैल होतात आणि मग चाकाखाली प्रत्येक फळी वाजते, पक्षी उडालेच समजा.

दार फटीच्या बरोबर समोर नको, मागून उजेड आला की आतली हालचाल बाहेर दिसते. वळणाचा प्रवेश करा, पण वळणावर दीड मीटर व्यासाची जागा हवीच.

भिंतीच्या फळ्या कायमच्या बसवायच्या आधी व्हीलचेअर वापरणाऱ्या कोणाला तरी तिथे बोलवा, आणि ते बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलने खूण करून मगच करवत चालवा.