जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे

‘मूल इथे जन्मले म्हणजे ते भारतीयच’ हा समज कोल्हापुरात स्थलांतरित कुटुंबांसाठी काम करणाऱ्यांमध्येही वर्षानुवर्षे रुजलेला आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतला नेपाळी रखवालदार मुलाचा लॅमिनेट केलेला जन्मदाखला पिशवीतून जपून काढतो, तेव्हा आपणही निर्धास्तपणे मान डोलावतो.

हा समज चिवट आहे, कारण एके काळी तो खरा होता. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद सोडल्यास, जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक झाले. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित नसावी, अशी अट आली. म्हणून आईवडील दोघेही नेपाळी असतील, तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात आज जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरत नाही. आई भारतीय असेल, तर मात्र ते ठरते, कारण नेपाळी नागरिकाला भारतात राहण्यासाठी व्हिसा लागत नाही आणि केवळ व्हिसा नाही म्हणून वडील बेकायदा ठरत नाहीत.

जन्मदाखला जन्माची तारीख आणि ठिकाण सांगतो, एवढेच. आधारचेही तसेच: ते रहिवाशाला मिळते, नागरिकत्वाचा पुरावा नसते. शाळेचा प्रश्न वेगळा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या ‘प्रत्येक बालका’विषयी बोलतो, त्यामुळे नागरिकत्वाच्या शंकेपोटी प्रवेश अडवू देऊ नये.