‘चार्म’, ‘ग्लॅमर’ आणि त्यांमागचा मंत्रतंत्र

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किनाऱ्यावरच्या निवासांच्या जाहिरातींत आज सर्रास दिसणारी चार्मिंग, फॅसिनेटिंग, ग्लॅमरस ही विशेषणे निव्वळ कौतुकाची वाटतात, परंतु त्यांच्या मुळाशी भुरळ घालणाऱ्या शक्तीची धास्ती आहे.

‘चार्म’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘कार्मेन’पासून, म्हणजे गीत किंवा मंत्र या अर्थाच्या शब्दापासून आला. ‘फॅसिनेट’च्या मुळाशी तर चक्क दृष्ट लावणे आहे, आणि ती लागू नये म्हणून रोमन लोक लहान मुलांच्या गळ्यात ताईत बांधत. गालावरची काजळाची तीट पाहत वाढलेल्या, आणि मीठ-मोहरी व सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असे आजीकडून ऐकलेल्या कोकणी वाचकाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरा वाद ‘ग्लॅमर’चा आहे. बहुतेक कोशकार हा शब्द ‘ग्रामर’चेच स्कॉटिश बोलीतले बदललेले रूप मानतात. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिनचे शिक्षण, आणि ज्याला लॅटिन वाचता येते त्याला गूढ विद्याही अवगत असणार, अशी निरक्षर समाजाची समजूत होती. आइसलँडच्या जुन्या भाषेत दृष्टिभ्रमासाठी मिळताजुळता शब्द असल्याने काहींनी मूळ तिकडे शोधले. मला पहिले मत अधिक सबळ वाटते, कारण जादूटोण्याच्या पोथीसाठी फ्रेंचमध्ये रूढ असलेला ‘ग्रिम्वार’ हा शब्दही व्याकरणवाचक शब्दातूनच निघाला आहे. १७२०च्या सुमारास ‘ग्लॅमर’ म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेली नजरबंदी होती. १८०५ मध्ये एका स्कॉटिश कवीच्या दीर्घकाव्यातून तो सर्वदूर पोचला आणि विसाव्या शतकात चित्रपटसृष्टीने त्याला आजची झगमग दिली.

‘कॅरिझ्मा’ मात्र या मंत्रतंत्राच्या कुळातला नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ईश्वरी कृपेचे दान असा होता, आणि विसाव्या शतकात एका जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या लेखनातून तो पुढाऱ्यांना चिकटला. आपल्या वृत्तपत्रांतला ‘करिष्मा’ त्याचाच अपभ्रंश समजला जातो, पण तो फारसीतून आलेला स्वतंत्र शब्द असून तिथे त्याचे अर्थ नेत्रकटाक्ष आणि चमत्कार असे आहेत.