गाढवाचं पोट आणि आमच्या दुकानातली औषधं

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, वीटभट्ट्या जोरात असतात, आणि दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं : "गाढव खात नाही, पोटाचं इंजेक्शन द्या." आम्ही आधी विचारतो, लीद कधी टाकली? पुष्कळांना आठवत नाही.

पोट दुखलं की घोडा लोळतो, पाय आपटतो. गाढव मात्र कान पाडून कोपऱ्यात उभं राहतं, बस्स. कोरडा कडबा, अपुरं पाणी, खराब दात; मोठ्या आतड्यात चारा घट्ट बसतो तरी ते गप्पच. म्हणून उजव्या भकाळीला (बरगड्यांमागच्या खळग्याला) कान लावा, दोन-तीन मिनिटं. लांबवर ढग गडगडावेत तसा आवाज मधूनमधून यायला हवा. सगळंच शांत असेल तर दुकानात येऊ नका, डॉक्टरांना बोलवा.

जखम शिवायला झायलाझिनची गुंगी देतात, तेव्हा आतडंही मंदावतं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा टाकू नका, घशात अडकतो. हायोसीन आतडं सैल करून कळ मोडतं, पण थोडाच वेळ. अ‍ॅट्रोपीन कीटकनाशकाच्या विषबाधेत जीव वाचवतं. पोटदुखीवर दिलं तर आतडंच बंद पाडू शकतं. फ्लुनिक्सिन दुखणं दाबतं, अडकलेला चारा सोडवत नाही. गाढवाच्या अंगातून ते घोड्यापेक्षा लवकर उतरतं, पण म्हणून आपल्या मनाने दुसरी सुई टोचू नका. पाणी कमी पडलेल्या जनावराच्या मूत्रपिंडांना ते बाधतं. किती नि कधी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता गोचिडाचं औषध. गाई-म्हशींवर फवारायचं अमिट्राझ गाढवाला चालत नाही. आतडं ठप्प होऊन चारा अडकतो. म्हशी झाल्या की उरलेल्या पाण्यात गाढवही उरकून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. बाटली देताना "घरी गाढव-घोडं आहे का?" असं विचारलं तर राग मानू नका.

गोडेतेल बाटलीने पाजू नका, फुप्फुसात उतरतं. डॉक्टर नाकातून नळी घालून देतात. आणि "बघू उद्या" म्हणत थांबू नका : उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी चढते, त्यातही लठ्ठ किंवा गाभण असेल तर जिवावर बेततं.

इंजेक्शनला डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. त्यांना दाखवायला शेवटची लीद पिशवीत घालून ठेवा.