अतिनवताऱ्यांच्या अवशेषांचा क्ष-किरण अभ्यास

अतिनवताऱ्याच्या (आयुष्याच्या शेवटी प्रचंड स्फोटाने फुटणाऱ्या ताऱ्याच्या) स्फोटात बाहेर फेकले गेलेले ताऱ्याचे द्रव्य आणि त्याच्या धडकेने तापलेला भोवतालचा वायू मिळून जो पसरत जाणारा ढग तयार होतो, त्याला अतिनवताऱ्याचा अवशेष म्हणतात. हे द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असल्याने त्याच्यापुढे आघाततरंग निर्माण होतो आणि वायूचे तापमान कोट्यवधी अंशांवर जाते. इतका तप्त वायू मुख्यतः क्ष-किरणांत झळकतो. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते, म्हणून असे निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते.

नेहमीच्या आरशावर समोरून पडलेले क्ष-किरण परावर्तित न होता आत शोषले जातात. पाण्यावर तिरका भिरकावलेला चपटा दगड जसा टप्पे खात पुढे जातो, तसे हे किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आले तरच परततात. त्यामुळे या दुर्बिणींचे आरसे नळकांड्यांच्या आकाराचे, एकात एक बसवलेले असतात. २३ जुलै १९९९ रोजी सोडलेल्या आणि खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या ‘चंद्रा’ या अमेरिकी वेधशाळेत इरिडियमचा लेप दिलेल्या आरशांच्या अशा चार जोड्या असून त्या सुमारे अर्ध्या विकलेइतका (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक तपशील दाखवतात. तिचा संवेदक प्रत्येक फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणाचे, स्थान आणि ऊर्जा दोन्ही टिपतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णरेषा, म्हणजे त्याच्या खास किरणांच्या खुणा, ठरावीक ऊर्जांवर असल्याने एकाच निरीक्षणातून सिलिकॉन, गंधक, लोह यांचे वेगवेगळे नकाशे काढता येतात, आणि या पद्धतीचे खरे बळ तेच आहे.

शर्मिष्ठा तारकासमूहातील ‘कॅसिओपिया ए’ हा सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवरील अवशेष या दृष्टीने सर्वांत बोलका ठरला आहे. त्याच्या स्फोटाचा प्रकाश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवर पोहोचला असावा. १९९९ मध्ये ‘चंद्रा’ने घेतलेल्या त्याच्या पहिल्याच प्रतिमेत केंद्राजवळ एक ठिपका दिसला, तो स्फोटातून उरलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे ताऱ्याचा दाबला गेलेला अतिघन गाभा, मानला जातो. पुढे लोहाचा नकाशा काढल्यावर अधिक नवल आढळले. ताऱ्याच्या अगदी आत तयार होणारे लोह काही भागांत सिलिकॉनच्याही बाहेर पोहोचले होते, म्हणजे स्फोटात ताऱ्याचे थर जागोजागी उलथेपालथे झाले होते.

मात्र अशा नकाशांत केवळ आघाताने तापलेले द्रव्य दिसते. २०१२ मध्ये सोडलेल्या ‘नुस्टार’ दुर्बिणीने ही उणीव काही अंशी भरून काढली. स्फोटात निर्माण झालेल्या टायटॅनियम-४४ या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल (निम्मे द्रव्य क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे ६० वर्षे असून त्याच्या क्षयातून निघणारे किरण द्रव्याच्या तापमानावर अवलंबून नसतात. त्यांच्या नकाशात टायटॅनियम विषम गुठळ्यांत विखुरलेले आढळले आणि त्याचा एकंदर ओघ न्यूट्रॉन ताऱ्याच्या गतीच्या साधारण विरुद्ध दिशेला होता. तारा सर्व बाजूंनी सारखा फुटतो, या सोप्या कल्पनेला यामुळे जागा उरली नाही.

अवशेषांच्या कडेला दिसणाऱ्या बारीक तंतूंचे क्ष-किरण उष्णतेतून नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांपासून येतात. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने १९९५ मध्ये इ. स. १००६ च्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात हे दाखवल्याने विश्वकिरणांना, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान विद्युतभारित कणांना, अशा आघाततरंगांत वेग मिळतो, या मताला भक्कम आधार मिळाला.

भारताच्या ‘एक्स्पोसॅट’ उपग्रहावरील ‘एक्स्पेक्ट’ या उपकरणाने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पहिल्या निरीक्षणासाठी ‘कॅसिओपिया ए’चीच निवड केली आणि मॅग्नेशियमपासून लोहापर्यंतच्या वर्णरेषा टिपल्या. २०२३ मध्ये सोडलेल्या जपानच्या ‘क्रिझम’ दुर्बिणीतील संवेदक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवला जातो, त्यामुळे तो ऊर्जेतील फार सूक्ष्म फरक ओळखतो आणि वर्णरेषांच्या सरकण्यावरून वायूचा वेग मोजता येतो. तिची प्रतिमा मात्र ‘चंद्रा’च्या तुलनेत खूपच धूसर असते, म्हणून तिचे वर्णपट ‘चंद्रा’च्या नकाशांच्या आधारानेच वाचावे लागतात.