ऑर्काची आजी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मरीन पार्कच्या टाकीत एक तरुणी ऑर्कासोबत, म्हणजे ‘किलर व्हेल’सोबत, कसरती करतेय, लोक टाळ्या वाजवतायत आणि पुढच्याच क्षणी ऑर्का तिला पाण्यात ओढून नेतो. खाली मजकूर असा, की ट्रेनरला पाळी आली होती, रक्ताच्या वासाने प्राणी पिसाळला, शेअर करा. दोन दिवसांत तोच व्हिडिओ आणखी तीन ग्रुपांवरून फिरून माझ्याकडे परत आला.

व्हिडिओ साफ खोटा होता. तशी ट्रेनर नव्हती, तसं पार्क नव्हतं, सगळा मामला एआयचा. खुलासेही लगेच आले, पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो! मला गंमत वाटली ती पाळीच्या मसाल्याची. लोणच्याला हात लावला तर लोणचं नासतं, तुळशीला पाणी घातलं तर तुळस जळते आणि आता टाकीत उतरलं तर ऑर्का पिसाळतो. तंत्र नवं, विटाळ जुनाच.

मुळात ऑर्काला वास येतच नाही. दात असलेल्या सगळ्याच व्हेलच्या मेंदूतला गंध टिपणारा भाग उत्क्रांतीत नाहीसा झाला आहे, त्यामुळे रक्त कुणाचंही असो, त्याला गंधवार्ताही नसते. दुसरं, समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या ऑर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. टाक्यांमध्ये चार माणसं गेली. त्यातल्या तिघांच्या मृत्यूशी टिलिकम या एकाच नराचा संबंध होता. आइसलँडजवळ त्याला पकडलं तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता आणि पुढची तेहतीस-चौतीस वर्षं त्याने काँक्रीटच्या भिंती पाहत काढली.

तिसरी गोष्ट मात्र मला फार आवडते. ऑर्काच्या मादीला पाळी येत नाही. गर्भाशयाचं अस्तर ठरावीक काळाने बाहेर टाकण्याचा उद्योग माणूस, वानरं, काही वटवाघळं आणि एकदोन चिमुकले प्राणी एवढेच करतात. पण पाळी नसलेल्या या मादीला रजोनिवृत्ती असते! रज नाही आणि निवृत्ती आहे, असा शब्दांचा घोळ होतो खरा, पण अर्थ सरळ आहे. चाळिशीच्या आसपास तिला पिल्लं होणं थांबतं आणि त्यानंतर ती आणखी वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जगते. प्राणिजगतात हे अत्यंत दुर्मीळ आहे. माणूस आणि दातवाल्या व्हेलच्या पाच जाती एवढीच यादी बरीच वर्षं होती. २०२३ मध्ये युगांडातल्या न्गोगोच्या चिंपांझी माद्यांची तीत भर पडली.

उत्क्रांतीच्या हिशोबात हे कोडंच आहे. जास्त पिल्लं मागे ठेवणाऱ्याचे गुण टिकतात, तर मग अर्धं आयुष्य शिल्लक असताना दुकान बंद करायचं कशाला?

कोड्याच्या उत्तरासाठी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सॅलिश समुद्रात जावं लागतं. सिएटल, व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हर ही शहरं याच पाण्याभोवती आहेत. सिएटलला मुलाकडे सहा महिने गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांनी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून या पाण्याकडे पाहिलं असेल. (आपल्या समुद्रात ऑर्का अगदी क्वचित दिसतो. तारकर्लीला किंवा मुरूड-हर्णैला होडीतून दिसतात ते डॉल्फिन मात्र त्याचे चुलत भाऊच. ‘किलर व्हेल’ हा डॉल्फिन कुळातलाच, त्यातला सगळ्यात मोठा.) इथल्या एका ऑर्का समाजाला ‘सदर्न रेसिडेंट’ म्हणतात. त्यात जे, के आणि एल अशी तीन कुळं. हे फक्त मासे खातात. त्याच पाण्यात सील मारून खाणारे ऑर्काही फिरतात, पण दोघांत ना सोयरीक, ना बोलणं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल बिग या कॅनेडियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की प्रत्येक ऑर्काचा पाठीवरचा पर आणि परामागचा करडा डाग वेगळा असतो. फोटो काढले की ओळख पटते. १९७६ पासून केन बाल्कम यांनी सदर्न रेसिडेंटची गणती दरवर्षी सुरू ठेवली. कोण कुणाच्या पोटचा, कोण कधी जन्मला, कुणाची आई कधी गेली, हेळव्याच्या वहीत असावं तसं सगळं लिहिलेलं. पन्नास वर्षांची ही वही हाताशी नसती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

वहीतली पहिली ठळक गोष्ट म्हणजे या समाजात कुणीच घर सोडत नाही. मुलगी सासरी जात नाही, मुलगा वेगळं बिऱ्हाड करत नाही, सून घरात येत नाही. नर दुसऱ्या कुळातल्या माद्यांशी भेटीपुरता जुळतो आणि परत आईच्या बाजूला येऊन पोहू लागतो. सहा फूट उंच पराचा, कित्येक टन वजनाचा बाप्या, पण राहतो आईपासून हाकेच्या अंतरावर. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा मावशीचा लगेच प्रश्न आला, ‘सूनच नाही? मग भांडण कुणाशी?’

मावशीने नकळत नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. भांडण आहे आणि ते लेकीशी आहे.

इथं थोडं गणित करू. आई आणि पिल्लू यांच्यात निम्मे जनुक सारखे, म्हणजे नातं १/२. आजी-नातवंडांत १/४. ऑर्कामध्ये भावंडांचे बाप बहुधा वेगळे असतात, म्हणून भावंडांतही १/४ धरू. आता एक मादी जन्मली. तिचा बाप दुसऱ्या कुळात, त्याच्याशी इथे संबंधच नाही. कुळात भोवती जे नर आहेत ते तिचे भाऊ (१/४) आणि मामा (१/८). म्हणजे आई सोडली तर कुळाशी तिचं रक्ताचं नातं पातळच. वर्षं जातात. मामा मरतात, तिला मुलगे होतात (१/२), ते कुठे जात नाहीत. मग नातू येतात (१/४). जसजसं वय वाढतं तसतशी ती भोवतालच्या मंडळींची जास्त जवळची होत जाते. म्हातारीला कुळातलं जवळजवळ प्रत्येक तोंड आपलं, तरुणीला त्यातली बरीच तोंडं लांबची.

आता मासे कमी आहेत आणि आई व लेक दोघींनाही एकाच हंगामात पिल्लं झाली आहेत. माघार कोण घेईल? जिचं कुळात जास्त गुंतलंय ती. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेताना म्हातारीचं स्वतःचंच नुकसान होतं, तरुणीचं तेवढं होत नाही. हा नुसता तर्क नाही. डॅरेन क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वही तपासली तेव्हा दिसलं, की आई-लेकीची बाळंतपणं एकाच वेळी आली तर म्हातारीच्या पिल्लाच्या मृत्यूचा धोका तरुणीच्या पिल्लाच्या १.७ पट असतो. हरण्याचीच शक्यता जास्त असलेल्या शर्यतीत उतरण्यापेक्षा ती सोडून कुळाला मदत करणं आजीच्या जनुकांना परवडतं.

हत्तिणीही कळपाच्या आज्या असतात, शहाण्या असतात, पण म्हातारपणापर्यंत वितच राहतात. कारण हत्तीचे मुलगे वयात आले की कळप सोडतात. म्हातारीचं नातं वयाबरोबर दाट होत नाही, गणित बदलतं. (वरचे अपूर्णांक ज्यांनी गाळले त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल, की मुलगे घरात राहतात म्हणून आजी निवृत्त होते.)

आणि ती मुलांचे लाड करते. लेकीची पिल्लं आपल्याच कुळात वाढतात, आपल्याच वाट्याचे मासे खातात. मुलाची पिल्लं दुसऱ्या कुळात, दुसऱ्याच्या खर्चाने. बिनखर्चाची नातवंडं! म्हणून मुलावर केलेली गुंतवणूक जास्त फळते. २०१२ चा एक निष्कर्ष वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मरण्याचा धोका सुमारे १४ पट होतो. मुलींना एवढा मोठा फटका बसत नाही. म्हातारी आई मासा पकडते, तोडते आणि अर्धा शेजारच्या धटिंगणाला देते. ज्यांची निवृत्त आई हयात आहे, त्या मुलांच्या अंगावर इतर ऑर्कांच्या दातांचे ओरखडेही कमी सापडतात. लेकींच्या अंगावर तसा फरक दिसत नाही. मातृप्रेमाच्या महतीचं कुणाला आख्यान लावायचं असेल त्याने हा तपशील जरूर घ्यावा.

एल कुळातला ओनिक्स, नोंदीत एल ८७, याची आई २००५ मध्ये गेली. तेव्हा तो तेरा वर्षांचा. त्याने आपलं कूळच सोडलं, जे सहसा कुणी करत नाही. आधी के कुळातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रयाला राहिला आणि मग जे कुळात येऊन ग्रॅनीच्या मागे पोहू लागला. ग्रॅनी म्हणजे जे २. तिच्या पराच्या मागच्या कडेला अर्धचंद्रासारखा खाच होता, लांबूनही ओळखू यायची. ती १०५ वर्षांची आहे म्हणून वर्तमानपत्रांनी बरीच वर्षं धमाल केली. चरबीच्या नमुन्यावरून केलेला अंदाज त्यापेक्षा बराच खाली, ६५ ते ८० चा आहे. तेही काही कमी नाही. २०१६ च्या ऑक्टोबरनंतर ती दिसली नाही. पुढे पोहणारी बहुतेक वेळा तीच असायची. लॉरेन ब्रेंट यांच्या गटाने काही वर्षांच्या चित्रफिती मोजून दाखवलं आहे, की निवृत्त माद्या इतरांपेक्षा जास्त वेळा पुढे असतात आणि मासे कमी असलेल्या वर्षी तर हमखास. मासे कुठे असतील, हे आधीचे दुष्काळ पाहिलेल्या म्हातारीलाच ठाऊक. आजी मेली तर पुढच्या दोन वर्षांत नातवंडाच्या मृत्यूचा धोका ४.५ पटीने वाढतो.

मासे म्हणजे चिनूक, सामन माशांतला सगळ्यात मोठा आणि चरबीचा. उन्हाळ्यात त्यांच्या आहारातला बहुतांश भाग हा एकच मासा. चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीत परततो. नद्यांवर धरणं झाली आणि परतीची वाट बंद झाली. याच भागातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. बाकी कित्येक उभी आहेत. याचा परिणाम ऑर्काच्या पोटात दिसतो, अगदी शब्दशः. टकर नावाचा एक काळा लॅब्राडोर मिश्र कुत्रा होता. होडीच्या नाळेवर उभा राहून तो पाण्यावर तरंगणाऱ्या ऑर्काच्या विष्ठेचा माग काढायचा. स्वतः पाण्याला घाबरायचा, पण नाक मैलभर चालायचं. तो झुकेल तिकडे होडी वळवायची, चाळणी घालून विष्ठा उचलायची आणि तिच्यातली संप्रेरकं मोजायची. प्रोजेस्टेरॉन वाढलेलं म्हणजे मादी गाभण. त्यातून २०१७ मध्ये आकडा आला, की २००८ ते २०१४ या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी तब्बल ६९ टक्के वाया गेल्या आणि त्याचा मेळ माशांच्या टंचाईशी बसतो.

पीसीबी हे दुसरं दुखणं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं हे रसायन बहुतेक देशांनी कधीच बंद केलं, पण ते विघटत नाही, चरबीत साठतं. माशाहून ऑर्कात, आणि आईच्या दुधातून पिल्लात. पहिलं पिल्लू आईच्या अंगातलं बरंचसं विष पिऊन घेतं. नराला तर ते कुणाला देताच येत नाही. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी मेलेली सापडली. तिच्या चरबीत किलोला ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होतं आणि तिला एकदाही पिल्लू झालं नव्हतं. बोटींचा गोंगाटही आहेच. ऑर्का मासा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शोधतो आणि बोट जवळ आली की मादी शिकार सोडून देते.

जे ३५ या मादीची बातमी पुष्कळांनी वाचली असेल. २०१८ मध्ये तिचं पिल्लू अर्ध्या तासात मेलं आणि तिने ते १७ दिवस नाकावर तोलत नेलं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या मेलेल्या पिल्लासोबत ती पुन्हा तशीच दिसली. तिन्ही कुळं मिळून आता जेमतेम ७३-७४ उरलेत. गणती सुरू झाली तेव्हाही ७१च होते.

कारण गणतीच्या आधी पकडापकडी झाली होती. १९६० आणि ७० च्या दशकांत मरीन पार्कांसाठी या समाजातले पन्नासच्या आसपास ऑर्का पकडले गेले किंवा पकडताना मेले. पिल्लं नेणं सोपं, म्हणून बहुतेक पिल्लंच. ऑगस्ट १९७० मध्ये पेन कोव्ह या खाडीत स्फोटकं आणि होड्या वापरून कुळंच्या कुळं जाळ्यात कोंडली. त्यातली टोकिटाए नावाची मादी तेव्हा चारेक वर्षांची होती. तिला मायामीला नेलं. ८० फूट लांब, ३५ फूट रुंद टाकी. आपल्या कुळाच्या बोलीतले आवाज ती तिथेही काढायची. त्या वर्षी नेलेल्या मुली समुद्रातच राहिल्या असत्या तर आज पन्नाशी-साठीत असत्या, म्हणजे पिल्लं थांबलेल्या, पुढे पोहणाऱ्या.

टोकिटाए २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच टाकीत मेली, सत्तावनच्या आसपास. सॅलिश समुद्राकाठचे लुम्मी आदिवासी ऑर्कांना पाण्याखालचे नातेवाईक मानतात. पुढच्या महिन्यात त्यांनी तिची राख घरी आणली आणि सॅलिश समुद्रात सोडली.