फुलपाखरं हवीत, तर थोडी पानं खाल्ली जाऊ द्या

देशी झाडांची बाग लावणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"फुलपाखरं येतील असं एखादं झाड द्या," ही मागणी आता आमच्या रोपवाटिकेत रोजची झाली आहे, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. बहुतेकांना त्यासाठी फुलांची कुंडी हवी असते. पण फुलावर फुलपाखरू येतं ते मध पिण्यापुरतं. ते तुमच्याकडे वाढायला हवं असेल, तर त्याला अंडी घालायला झाड लागतं, आणि प्रत्येक जातीची झाडं ठरलेली असतात. म्हणून आम्ही आधी पानांचं झाड देतो, फुलांचं नंतर.

सुरुवात कढीपत्त्यापासून

बारा इंची कुंडी आणि चार-पाच तास ऊन एवढ्यावर कढीपत्ता गॅलरीतही छान वाढतो. लिंबू फुलपाखराची मादी त्याच्या कोवळ्या शेंड्यावर एकेक फिकट पिवळं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तेव्हा गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करून पाहा: डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे जरूर दाखवा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. तेवढ्या काळात काही फांद्यांची पानं जातील, पण कढीपत्ता पुन्हा फुटतो. जागा असेल तर सोबत लिंबू लावा. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतो.

अंगण असणाऱ्यांना आणखी वाव आहे. रुईवर प्लेन टायगर येतं (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका), सापसंदाच्या वेलावर क्रिमझन रोझ, बहाव्यावर पिवळसर-पांढरी एमिग्रंट. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा कोपऱ्यात थोडा राहू द्या. त्याच्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात.

वांग्याला फळ का धरत नाही?

गच्चीवर भाजीपाला लावणारे हा प्रश्न नेहमी विचारतात आणि खत मागतात. पुष्कळदा कमी पडतो तो भुंगा. वांगं आणि टोमॅटो यांचे पराग परागकोशाच्या नळीत बंद असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग भुरभुर बाहेर पडतात. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. भुंग्याला बोलवायचं तर जवळपास गोकर्ण, अडुळसा किंवा खुळखुळा असू द्या, आणि जाड वाळक्या बांबूचा तुकडा आडवा बांधून ठेवा. त्यात तो घर करतो. दिसायला दांडगा असला तरी आपण होऊन कुणाला चावायला येत नाही.

फुलं बारा महिने

एकाच हंगामात सगळं फुललं तर पुढे उपासमार होते, म्हणून मिसळून लावा. पावसाळ्यात तेरडा, त्यानंतर रात्रीच्या पतंगांसाठी पारिजातक, थंडीत पिवळी कोरांटी, मग शेवगा, आणि ऐन उन्हाळ्यात कढीपत्त्याचीच पांढरी फुलं. तुळशीच्या मंजिऱ्या आपण दिसताक्षणी खुडतो. निम्म्या तरी राहू द्या. सातेरी आणि इवलीशी फुलोरी मधमाशी सकाळभर तिथे असते. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांत मात्र मध आणि परागापर्यंत पोचायला वाटच नसते.

खडे घातलेल्या उथळ ताटलीत पाणी ठेवा आणि डास होऊ नयेत म्हणून ते दोन दिवसांनी बदला.

औषधाबद्दल स्पष्टच सांगतो

अळी मारायचं औषध आम्ही या झाडांसाठी देत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं मुळावाटे झाडात भिनतात आणि मधात, परागातही उतरतात. फूल टवटवीत दिसतं, पण त्यावर येणाऱ्या माशीच्या पोटात विष जातं. युरोपीय संघाने 2018 साली त्याच्यासह अशा तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला. आमच्या देशी रोपांना आम्ही यातलं काहीही घालत नाही. दुसरीकडून रोप आणत असाल तर विचारूनच घ्या. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. पिठ्या ढेकूण कापडाने पुसता येतो. निंबोळी अर्कसुद्धा अळ्यांना घातकच आहे. तो इतर झाडांवर, सूर्यास्तानंतर आणि फुलं वगळून मारा.

घाणेरी आम्ही ठेवत नाही. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती बाहेरून आलेली आहे आणि आपल्या डोंगरउतारांवर पसरून तिथल्या झाडोऱ्याला जागा ठेवत नाही. आमची सगळी रोपं बियांपासून किंवा छाटांपासून केलेली असतात. डोंगरावरून उपटून आणलेलं रोप कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

मेलेलं रोप महिन्याच्या आत बदलून देऊ, पानं खाल्लेलं बदलून देणार नाही. सापसंद आणि खुळखुळा मोजकेच असतात; पावसाआधी नाव नोंदवून ठेवलंत तर तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवू.